उपटायची की कापायची

केदारला निर्णय घेता येत नाही असं कुणी म्हटलं तर तो त्याच्यावर अन्याय होईल. निर्णय तो घेत असे. रोज सकाळी घेत असे आणि चांगला ठासून घेत असे. दुपारच्या चहाला मात्र त्या निर्णयाची दुसरी बाजू दिसायला लागे, आणि संध्याकाळी शेडचं शटर ओढता ओढता तो दमयंतीला म्हणे, "उद्या परत एकदा बघू." दमयंती त्याची बायको आणि धंद्यातली भागीदार. पहिल्या नात्याने ती हे ऐकून घेई आणि दुसऱ्या नात्याने तिचं डोकं फिरे.

नगरच्या एमआयडीसीत, मोठ्या कारखान्यांच्या पाठीमागे, त्या दोघांची छोटी शेड होती. चाकणची बरी नोकरी सोडून केदार इथे आला तो एकाच यंत्रापायी. कर्जत-जामखेडच्या बाजूला रब्बीची ज्वारी माणसं हाताने उपटतात. दोन्ही मुठींत ताटं धरायची, कमरेतून हिसका द्यायचा, मुळासकट काढायची, माती झटकून आडवी टाकायची, की लगेच पुढची मूठ. विळ्याने कापली तर कडबा आखूड होतो आणि रानात धसकटं राहतात. ती पुढे पायात घुसतात, मशागतीत आडवी येतात. म्हणून उपटायचीच. उपटणाऱ्या बायकांचे तळहात केदारने एकदा पाहिले होते. त्यांच्यावर पडलेल्या चिरा पाहिल्यापासून ह्या गृहस्थाला चैन नव्हतं.

कागदावर दोन कल्पना होत्या. पहिली उपटण्याची: छोट्या ट्रॅक्टरच्या पुढे दोन रबरी पट्टे समोरासमोर फिरणार, ताटं चिमटीत धरणार आणि वर ओढून काढणार. दुसरी कापण्याची: जमिनीलगत सरकणारं पातं, बास. पहिली केदारची लाडकी. ती अवघड होती, नवी होती, आणि जमली असती तर त्या तळहातांना खरोखर सुट्टी मिळाली असती. दुसरी सोपी होती, स्वस्त होती, आणि तिच्यात धसकटं राहणार होती.

आता अशा वेळी शिकलेली माणसं जे करतात ते केदारने केलं. त्याने तक्ता मांडला. डाव्या बाजूला निकष: खर्च, वजन, दुरुस्ती, कडब्याची लांबी, दाण्याची नासाडी. प्रत्येक निकष किती महत्त्वाचा ते ठरवायचं, दोन्ही कल्पनांना त्यात गुण द्यायचे, गुणाकार, बेरीज, आणि जास्त बेरीज येईल ती कल्पना जिंकली. पद्धत चांगली आहे, जगभर चालते. फक्त ती चालायला बेरीज आल्यावर थांबावं लागतं. केदारची बेरीज कापणीच्या बाजूने आली की त्याला कडब्याच्या लांबीचं महत्त्व कमी धरलंय असं वाटे, म्हणून ते तो वाढवी. मग उपटणी पुढे जाई, आणि आपणच आपल्या लाडकीला पास करतोय अशी शंका येऊन तो ते परत खाली आणी. दिवाळी झाली, थंडी पडली, तक्ता चालूच होता.

पहिल्या आठवड्यात त्या तक्त्यात आणखी एक ओळ होती: जमिनीतली ओल. दाणा भरून कडक झाला तरी खाली थोडी ओल असते, तेव्हा ताट सुखाने उपटून येतं. नंतर काळी जमीन आवळत जाते, भेगा पडतात, आणि मूळ सोडत नाही. पण ही ओळ रोज बदलणारी. आज एक गुण, आठ दिवसांनी दुसरा. तिच्यामुळे बेरीज कधी स्थिरच होईना, म्हणून केदारने ती काढून टाकली.

शेडमध्ये तिसरं माणूस होतं सूर्यभान. वेल्डिंगपासून पेंटिंगपर्यंत सगळं त्याच्याकडे. तो मूळचा कर्जत तालुक्यातला. त्याची मावसबहीण चांगुणा तिथेच शेती बघायची, आणि यंत्राची पहिली चाचणी तिच्याच रानात घ्यायची हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. घरच्या माणसाला शब्द दिल्यामुळे तोही आतून घाईला आलेला होता.

"साहेब," डिसेंबरच्या शेवटी तो केदारला म्हणाला, "लोखंड कापू का नको? उपटायचं करायचं आसंल तर फ्रेम लांब घ्यावी लागती. कापायचं आसंल तर आखूड. येक काय ते बोला."

केदारने तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दोन्ही ठेवू."

"म्हंजी?"

"एकाच फ्रेममध्ये. पुढे पट्टे, मागे पातं. शेतकऱ्याला हवं ते वापरेल."

हे वाक्य उच्चारल्याबरोबर शेडमध्ये सगळ्यांना एकदम मोकळं मोकळं वाटलं. दमयंतीलासुद्धा. खरं तर तिच्या मनात कधीपासून कापणीच होती, पण दोन महिने घरात आणि दारात एकच विषय ऐकून ती इतकी विटली होती की तिने कागद पुढे ओढून भराभर सह्या केल्या आणि वडापाव मागवले. त्या दिवशी तिघंही हसून-खेळून जेवले. निर्णय झाला असं तिघांनाही मनापासून वाटलं होतं.

जानेवारीच्या मध्याला चांगुणाबाईंचा फोन आला. उपटणीची टोळी गावात आली होती, मुकादम सहादेव त्यांच्या दारात उभा होता आणि विचारत होता की तुमचं रान धरू का सोडू. अशा टोळ्या एकदा गाव सोडून गेल्या की पुढच्या गावाला लागतात, मागे वळत नाहीत.

"सायेब, त्याला काय सांगू?" चांगुणाबाईंनी विचारलं. "तुमचं मशीन येतंय ना नक्की?"

केदारच्या पुढ्यात फ्रेम अर्धी जोडलेली होती. पट्टे दोन दिवसांत बसले असते. "येतंय मावशी," तो म्हणाला, "आठवड्यात येतोच आम्ही. त्यांना जाऊ द्या."

त्याने पूर्ण विचार करून सांगितलं होतं. पण पट्टे पुढे बसवल्यावर मागचं पातं ताटापर्यंत नीट पोचेना. पातं पुढे घेतलं तर पट्ट्यांना अडे. दोघांच्या मधे जागा करायला फ्रेम वाढवली, फ्रेम वाढली तसं वजन वाढलं, म्हणून ती पातळ केली, पातळ केल्यावर ती थरथरायला लागली, म्हणून आडवे तुकडे जोडले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. केदारची झोप उडाली. जेवताना तो ताटाच्या कडेला बोटाने रेघा मारी. रस्त्याने जाताना कडेच्या रानात ज्वारी पिवळी पडत चाललेली दिसे. चांगुणाबाई दर दोन दिवसांनी फोन करत. त्या कधी चिडल्या नाहीत. फक्त विचारत, "निगाला का?" त्याला त्यांच्या चिडण्यापेक्षा ह्या विचारण्याची जास्त भीती वाटायला लागली.

शेवटी फेब्रुवारी लागल्यावर एका सकाळी यंत्र टेम्पोत चढलं. केदार आणि दमयंती पुढे, सूर्यभान मागे यंत्राला धरून. मिरजगावच्या पुढे दोन्ही बाजूंची रानं मोकळी झालेली होती. उपटलेल्या ज्वारीच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या, बायका कणसं मोडत बसलेल्या. दमयंती खिडकीतून पाहत होती. केदारला बसवेना. तो दोनदा टेम्पो थांबवून मागच्या दोऱ्या तपासून आला.

चांगुणाबाईंचं रान आजूबाजूच्या मोकळ्या शिवारात एकटंच उभं होतं. ज्वारी वाळून पांढरी पडलेली, कणसं जड होऊन खाली झुकलेली. बाई बांधावर उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, डोक्यावर पदर, हातात मोबाईल. मालक शिर्डीला एका हॉटेलात नोकरीला, पोरं पुण्याला, त्यामुळे रान आणि चार जनावरं त्यांच्या एकटीच्या अंगावर.

"या," त्या म्हणाल्या. "पाखरं लई झाली बघा. दिवसभर हाकलतीया मी."

केदार खाली वाकला आणि त्याने भेगेत हात घातला. मनगटापर्यंत गेला. आतली माती कोरडी ठणठणीत होती. त्याने एक ताट धरून ओढलं. ते हललं नाही. दोन हातांनी ओढलं, तेव्हा कट्‌कन पेरात मोडलं. काय होणार आहे ते त्याला त्याच क्षणी कळलं, पण माणूस अशा वेळी कळलेलं मान्य करत नाही. बाईंनी भाड्याने बोलावून ठेवलेल्या छोट्या ट्रॅक्टरला यंत्र जोडलं आणि त्याने तो सुरू करायला सांगितला.

पट्टे फिरले. ताटं चिमटीत गेली, पट्ट्यांनी ओढली, मुळांनी सोडली नाहीत. दोन हात अंतरात सगळी ओळ मोडून पडली. त्याहून वाईट म्हणजे त्या ओढाताणीत कणसं अशी झटकली गेली की दाणे सरसर खाली आले आणि सरळ भेगांत गेले. तिथून ते माणसाला काढता येणार नव्हते आणि पाखरालाही.

"बंद करा," चांगुणाबाई म्हणाल्या.

मग पातं. पट्टे थांबवून नुसतं पातं चालवलं. पण पट्ट्यांचा सांगाडा पुढेच होता. पातं पोचण्याआधी तो ताटांना ढकलून आडवी करी, मग पातं त्यांना कुठेतरी मधेच कापी, आणि दाणे पुन्हा खाली. केदारने पट्ट्यांची उंची वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. ट्रॅक्टर मागे घेतला, पुढे घेतला. एक सरी वाया गेली, दुसरी गेली. चांगुणाबाई वाकून मोडलेल्या ताटांतली कणसं वेचून पदराच्या ओट्यात घालत त्याच्या मागून चालत होत्या, आणि पाठीमागची ती खसफस त्याला ट्रॅक्टरच्या आवाजातूनही ऐकू येत होती.

सूर्यभान जवळ आला. "सांगाडा काढून टाकायचा आन पातं पुढं आनायचं," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसरा विलाज न्हाई."

"नट खोलून निघेल?"

"कुठलं निगतंय. तुमी मधी आडवे तुकडे लावायला सांगितले, ते वेल्ड केलंय सगळं. कापावंच लागंल. हिरीवरच्या मोटारीची लाईट दोनला जाती, तवर ग्राइंडर चालंल. येकदा कापलं की हितं परत जोडता येनार न्हाई."

केदार बांधावर जाऊन बसला. सवयीने त्याने मोबाईल काढला आणि तक्ता उघडला. बोटाने वर-खाली करत राहिला. काढून टाकलेल्या ओलीच्या त्या ओळीच्या जागी काही नव्हतं, पण ती कुठे होती ते त्याला बरोबर माहीत होतं. जानेवारीत, टोळी दारात उभी होती तेव्हा, ह्या जमिनीत ओल होती. तेव्हा नुसते पट्टे घेऊन आला असता तरी ज्वारी सुखाने उपटली असती. आणि तेव्हा नुसतं पातं घेऊन आला असता तरी कापून झाली असती. दोन्हींपैकी कुठलीही एक चालली असती. त्याला शरम वाटली. उठून थेट नगरला चालत जावं असं वाटलं.

दमयंती शेजारी येऊन बसली. तिने त्याच्या हातातल्या तक्त्याकडे पाहिलं.

"मी पण सही केली होती," ती म्हणाली. "वडापाव खाल्ले होते."

"कापलं तर उपटणी संपली," केदार म्हणाला. "ह्या वर्षाची तरी."

"हो."

"एक पट्टा जरा सैल करून बघितला तर..."

"केदार," ती म्हणाली, "त्या मावशी कणसं वेचतायत."

चांगुणाबाई तोपर्यंत त्यांच्यापाशी आल्या होत्या. ओटा भरला होता. त्यांचा चेहरा उन्हाने आणि काळजीने ओढलेला होता, पण आवाज चढलेला नव्हता.

"सायेब, मला मशीनमधलं काय बी कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "उपटा न्हाईतर कापा. धसकटं ऱ्हायली तर ऱ्हायली, मी बघंन त्यांचं. पर तुमी काय करनार ते मला येकदा सांगा. म्हंजी मी बी तयारीला लागंन. ह्ये आसं नुसतं हुभं ऱ्हायला लई जड जातंया बघा."

केदारने मोबाईल खिशात टाकला. "कापतो," तो म्हणाला.

ग्राइंडर त्याने सूर्यभानच्या हातून स्वतःच घेतलं. सूर्यभानने नको म्हणून पाहिलं, पण केदारने ऐकलं नाही तेव्हा चष्मा काढून दिला. पट्ट्यांचा सांगाडा केदारने चार महिने रोज डोळ्यांपुढे धरला होता. त्याचा प्रत्येक कोन त्याला पाठ होता. पहिल्या तुकड्यावर चाक टेकवताना त्याचा हात थांबला, आणि तो थांबलेला पाहून दमयंतीने मान दुसरीकडे वळवली. मग ठिणग्या उडाल्या. एक, दोन, आणि तिसऱ्या तुकड्यानंतर सांगाडा एका बाजूला कलला, तेव्हा सूर्यभानने आणि दमयंतीने तो धरून बांधाला नेऊन ठेवला. दुपारी लाईट गेली तेव्हा पातं पुढे बसून झालं होतं, शेवटचे दोन नट हातानेच आवळायचे राहिले होते.

त्यानंतर मात्र यंत्र चाललं. चांगलं चाललं. हलकं झाल्यामुळे थरथरही गेली. ताटं बुडाशी कापली जाऊन एका बाजूला शिस्तीत पडायला लागली, कणसांना धक्का लागेना. चांगुणाबाईंनी शेजारच्या वस्तीवरून दोन बायका हाक मारून आणल्या आणि त्या पडलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधत मागे निघाल्या. ऊन उतरेपर्यंत रान आडवं झालं. वाया गेलेल्या सऱ्या सोडल्या तर पीक हाताला लागलं होतं. सूर्यभानने बहिणीकडे पाहून सुटकेचा निःश्वास टाकला आणि तंबाखू मळायला घेतली.

केदार रानातून चालत होता. बुटांच्या खाली धसकटं करकरत होती. तिरकी कापलेली, टोकदार, ओळीने. ह्याच धसकटांपायी त्याने नोकरी सोडली होती. यंत्र चालल्याचा आनंद त्याला झाला होता, खोटं कशाला सांगायचं, पण तो पुरेसा होत नव्हता.

चांगुणाबाईंनी एक कापलेलं ताट उचलून आपल्या अंगाला लावून पाहिलं. मग पायातली चप्पल सांभाळत त्याच्यापर्यंत आल्या.

"कडबा वाईच आखूड पडंल," त्या म्हणाल्या. "पर दाना गावला. आज तुमी न्हाई म्हनला असता तर पाखरांनीच खाल्लं असतं समदं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पुढल्या साली उपटायचं आनाल का?"

सूर्यभान तंबाखू मळायचा थांबला. दमयंती टेम्पोपाशी होती, तिनेही वळून पाहिलं. केदारने बांधाला टेकवलेल्या सांगाड्याकडे पाहिलं. फ्रेम हलकी केली, पट्टे मऊ घेतले, ओल असताना आलो, तर कदाचित. खालून माती सैल करणारा एक फाळ दिला, तर कदाचित. डोक्यात तक्ता आपोआप उघडला. हो म्हणावंसं त्याला फार वाटत होतं. त्या बाई हो ऐकायलाच उभ्या होत्या.

"बघू," असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"नाही मावशी," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी नाही जमणार. कापायचंच यंत्र असेल आमचं. उपटायचं मला अजून साधलेलं नाही."

चांगुणाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी तो लपवलाही नाही. मग त्यांनी मोबाईल कानाला लावला.

"सहादेव, मी चांगुणा बोलतीया," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली माझं रान पयलं धरायचं. उपटायला. व्हय, आत्ताच सांगून ठिवते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी एकदा केदारकडे पाहिलं, आणि त्याने होकारार्थी मान डोलावल्यावर त्या फोनवर म्हणाल्या, "न्हाई, मशीनची वाट न्हाई बघायची. सायबांनी सांगितलंय तसं."